वर विचारा

माझ्या नवऱ्याशी तोंडावर मी अहोजाहो करते. इथे एकेरी लिहिणार आहे, कारण सध्या त्याला वाचता येत नाही, आणि वाचता आलं तरी तक्रार करता येणार नाही. पॅरालिसिसच्या अटॅकनंतर डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे मेंदूचं चित्र काढून मला समजावलं होतं. इजा डाव्या बाजूला झाली, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. ऐकलेलं समजतं सगळं, फक्त बोलता-वाचता येत नाही. चित्र बटाट्यासारखं दिसत होतं. मी आयुष्यभर पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवत आले आहे. चित्र कसंही असलं तरी 'छान' म्हणायची सवय आहे. मी 'छान' म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आम्ही भिवंडीत कामतघरला राहतो. नवरा लूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. कामगार त्याला मास्टर म्हणायचे. शाळेत शिकवणारी मी आणि मास्टर तो, याचं मला लग्नानंतर पहिली काही वर्षं वाईट वाटायचं. लूमच्या खडखडाटात राहून त्याचे कान लवकरच कामातून गेले. तशीही कारखान्यात कोणी कोणाशी आवाजाने बोलत नाही. ओठ बघायचे आणि हातांच्या खुणा बघायच्या. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली की धागा तुटला. अंगठा ओठाकडे नेला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम येतोय, मग तो मुकादम सफाचट का असेना.

या खुणा नवऱ्याबरोबर घरी आल्या. आमच्या भिंती पातळ आणि शेजारी चौकस, त्यामुळे भांडण खुणांनी केलेलं सोयीचं पडायचं. मी त्या भाषेत लवकर तरबेज झाले. पुढे मुलगीही तरबेज झाली. ती आता पुण्याला असते आणि व्हिडिओ कॉलवर जावयासमोर बसून आमच्याशी जावयाबद्दल बोलते.

सगळ्यात जास्त वापरातली खूण म्हणजे डाव्या हाताचं एक बोट वर करणं. कारखान्यात शेठची केबिन पोटमाळ्यावर होती. कामगाराने सुट्टी मागितली, नवा धोटा मागितला, पंखा मागितला, की मास्टर बोट वर करायचा. अर्थ असा, की माझ्या हातात नाही, वर विचारा. आमच्या घराला पोटमाळा नाही, वर थेट पत्रे आहेत. तरी लोणच्याची बरणी कोणी संपवली असं विचारलं की बोट वर. गॅस का नाही नोंदवला, बोट वर. मुलीच्या लग्नाला हॉल कुठला घ्यायचा, तेव्हाही बोट वर. मी या बोटाबरोबर उभा संसार केला आहे. त्याचा अर्थ मला कोणी शिकवायची गरज नाही, असं माझं ठाम मत होतं.

अटॅक सकाळी चहाच्या वेळी आला. कप त्याच्या हातातून सुटला, मी "अहो, लक्ष कुठे आहे" म्हणून ओरडले, आणि तो माझ्याकडे बघत राहिला. तो उत्तर देईल असं धरून मी त्याच्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. मला त्याची अजून लाज वाटते.

आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठी उपासना होते. पाळकसाहेब वयाने माझ्या मुलीहून थोडे मोठे, भले आहेत, कोणाच्याही दुखण्याला धावून जातात. तिसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये आले. पलंगाशी उभे राहून त्यांनी प्रार्थना केली आणि मला म्हणाले, "ताई, देव सार्वभौम आहे. त्याच्यावर भरवसा ठेवा."

सार्वभौम हा शब्द माझ्या रोजच्या ओळखीचा. शाळेत परिपाठाला मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात, त्यात तो येतो. माझा निम्मा वर्ग 'सारवभूम' म्हणतो. अर्थ विचारतात म्हणून मी तो सोपा करून ठेवला आहे: ज्याला कोणालाच विचारावं लागत नाही, तो. वर्गात हा अर्थ मला कधी खुपला नव्हता. हॉस्पिटलच्या स्टुलावर फार खुपला. ज्याला कोणालाच विचारावं लागत नाही त्याने मला न विचारता माझ्या माणसाची वाचा नेली, असा तो सरळ अर्थ झाला. मी पाळकसाहेबांना "हो" म्हणाले. संडे स्कूलपासून मी "हो" म्हणत आले आहे.

मग पाळकसाहेबांनी नवऱ्याच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "भाऊ, काय म्हणताय?"

नवऱ्याने डाव्या हाताचं बोट वर केलं. उजवा खांदाही जरासा उडवला.

डॉक्टर त्या वेळी वरच्या मजल्यावर राउंडला गेले होते. मला वाटलं, तो म्हणतोय, मला काय विचारता, वर डॉक्टरांना विचारा. पाळकसाहेबांना तसं वाटलं नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "ताई, वाणी गेली, पण साक्ष गेली नाही."

आमच्यात साक्ष म्हणजे कोर्टातली साक्ष नव्हे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष देणं म्हणतात. बहुतेक साक्षी आजारातून उठलेल्यांच्या असतात. न उठलेले सहसा साक्ष द्यायला येत नाहीत. त्या क्षणी मी खुलासा करायला हवा होता, पण केला नाही. समोर रडणाऱ्या माणसाच्या वाचनातली चूक काढू नये, एवढं मला शाळेने शिकवलं आहे.

त्या रविवारी उपासनेत बोटाची गोष्ट सांगितली गेली. सोमवारपर्यंत ती कल्याण आणि उल्हासनगरच्या मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली. नवरा घरी आल्यावर लोक भेटायला येऊ लागले. शहाळी आणायचे, पलंगाशी बसायचे, प्रार्थना करायचे आणि निघताना संकोचून विचारायचे, "भाऊ, ते बोट..." नवऱ्याला अर्धं ऐकू यायचं. तो काय ते समजून बोट वर करायचा. खांदा उडवायचा. लोक डोळे पुसत जिना उतरायचे. मी शहाळी फ्रीजमध्ये ठेवायची.

खाली राहणारी आमची घरमालकीण इथली जुनी आगरी बाई. तीही बघायला आली. पलंगाशी उकिडवी बसून म्हणाली, "मास्तरीन, कालजी नको करू गो. आमचे देवीला मी नारल बोलून ठेवलाय." मग तिने नवऱ्याच्या बोटाकडे बघितलं, बोटाच्या दिशेने वर बघितलं आणि मला विचारलं, "पत्रा गलतंय काय?"

मी म्हटलं, गळतो थोडा. दुसऱ्या दिवशी तिने माणूस पाठवून पत्र्याला डांबर मारून घेतलं. त्या बोटाने घडलेलं हे एकमेव ठोस काम.

मला यातलं काही नको होतं. मला त्याचा आवाज हवा होता. तो आवाज काही गोड नव्हता. बहिरा माणूस बोलतो तसा मोठा आणि सपाट होता, आणि रिक्षात बसल्यावर त्यामुळे मला अवघडायला व्हायचं. पण मी शाळेतून आले की तो "आलीस का?" म्हणायचा. समोर दिसत असूनही म्हणायचा. इतकी वर्षं मी त्यावर "नाही, यायचीये अजून" असं उत्तर दिलं. मला तो प्रश्न परत हवा होता.

ठाण्याला एका दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना आम्ही स्पीचवाली मॅडम म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे यायचं ते बहुतेक याच काळात येतं." मी घरी येऊन कॅलेंडरवर सहा पानं पुढे उलटली आणि तिथे पेन्सिलने खूण केली.

मॅडमनी चित्रांची कार्डं दिली होती. पाण्याचा ग्लास, केळं, गाय, घर. अशी कार्डं धरून मी किती मुलांना बोलतं केलं असेल, त्याची गणती नाही. मी शाळेतून आले की आम्ही समोरासमोर बसायचो. मी ग्लासाचं कार्ड दाखवायची, "पा-णी." तो माझ्या ओठांकडे बघायचा, त्याचे ओठ 'प'साठी जुळायचे, कपाळावरची शीर फुगायची, आणि बाहेर यायचं, "ताता." केळं ताता. गाय ताता. मी स्वतःकडे बोट केलं, मीही ताता. चार-पाच कार्डांनंतर तो दमायचा, कार्ड खाली ठेवायचा आणि बोट वर करायचा.

त्या बोटाचा मला संताप यायचा. मंडळीसाठी ती देवावरची श्रद्धा असेल, माझ्यासाठी ते लोणचं होतं. मी इथे घसा कोरडा करतेय, आणि हा म्हणतोय, मला नको विचारू. पहिलीतल्या मुलाने असं केलं असतं तर मी पालकांना बोलावून घेतलं असतं. इथेही बोलावत होते. रोज सकाळी डबा भरायच्या आधी मी प्रार्थना करायची, आणि हळूहळू ती अर्जासारखी झाली. विषय, पतीची वाचा परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून. शाळेचे अर्ज पंचायतीत जातात, मग तालुक्याला जातात, आणि काही वर्षांनी का होईना, एखादा शेरा घेऊन परत येतात. हा अर्ज कुठे जात होता, याचा पत्ता लागत नव्हता.

सहाव्या महिन्याच्या शेवटी मॅडमनी कार्डं गोळा केली, रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, शब्दांवर आता फार जोर नका देऊ. येतील तेवढे येतील. काकांच्या खुणा चांगल्या आहेत, त्याच वाढवू या."

येताना बस अंजूरफाट्याला अडकली. पुढे-मागे दापोड्याच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर होते, कोणी हलत नव्हतं. नवरा खिडकीला डोकं लावून झोपला होता. मला देवाचा राग आला. शंका वगैरे आली नाही. शंका आली असती तर राग कोणावर काढायचा हा प्रश्न पडला असता. तो आहे, त्याला सगळं दिसतं, त्याला जमतं, आणि तो करत नाही, याचा राग आला. एक तासभर मी त्या रागात बसून होते. मग बस सुटली आणि स्वयंपाकाचं डोक्यात आलं.

त्याच आठवड्यात फ्लेक्स लागला. पाळकसाहेबांनी विशेष उपासना ठेवली होती, आजूबाजूच्या मंडळ्यांना बोलावणं होतं. फ्लेक्सवर माझ्या नवऱ्याचा फोटो, बोट वर, खाली 'मौनातली साक्ष'. तो जिथे बांधला होता तिथे शेजारी कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, आणि दादांनीही बोट वर केलं होतं. लांबून दोघं एकाच पॅनेलचे उमेदवार वाटत होते. मी नवऱ्याला व्हीलचेअरवरून तिथून नेलं तेव्हा त्याने स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला आणि मान फिरवली. तो कधी फोटोत पुढे उभा राहणारा माणूस नव्हता.

पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "ताई, भाऊंच्या वतीने तुम्ही दोन शब्द बोला."

मी बोलले. हॉल भरला होता, बाहेर जिन्यावरही लोक उभे होते. नवरा पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर होता. मी माइक घेतला आणि वर्गात बोलते तसं सावकाश बोलले.

"ह्यांच्या बोटाचा अर्थ देव असा नाही. ती लूममधली खूण आहे. 'मला विचारू नका, वर विचारा,' असा तिचा अर्थ. घरात लोणचं संपलं तरी हे तेच बोट करतात. सोबत खांदा उडवतात, तो तुम्ही पाहिला असेल. वाचा परत यायची आता फारशी आशा नाही, असं दवाखान्यातून कळलं आहे. देव सार्वभौम आहे हे मला मान्य आहे. तेच माझं दुखणं आहे. मला त्याच्यावर आज भरवसा वाटत नाही. एवढीच माझी साक्ष आहे."

खालच्या दुकानात कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, ते स्वच्छ ऐकू येत होतं. मागून एक म्हातारे गृहस्थ सवयीने "आमेन" म्हणाले आणि लगेच खोकले. पाळकसाहेब उठले. मला वाटलं, आता ते सावरून घेतील, यातही देवाचा हेतू आहे असं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "उभे राहू या." खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. मग ते म्हणाले, "बापा, आम्हाला माहीत नाही. आमेन." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती सगळ्यात छोटी प्रार्थना. मला ती आवडली, पण त्या दिवशी ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "ताई, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. रोज कोणाच्या ना कोणाच्या पलंगाशी उभा असतो. लोक मला विचारतात, असं का झालं. भाऊंनी बोट वर केलं, तेव्हा मला वाटलं, चला, एकदा तरी पलंगावरून उत्तर आलं." मी त्यांना चहा दिला. दोष त्यांचाही नव्हता आणि माझाही नव्हता, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं. फ्लेक्स त्यांनी स्वतः उतरवला होता. दादांचा अजून आहे.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी चाचा आले. चाचा हे नवऱ्याच्या कारखान्यातले जुने कामगार. वीसेक वर्षं दोघं एकाच खात्यात होते. मुलीच्या लग्नासाठी ते आपल्या गावी उत्तर प्रदेशात गेले होते, मग तिकडेच आजारी पडले आणि रमले. भिवंडीत परत आले, तेव्हा त्यांना कळलं. दुपारची वेळ होती, शाळेला सुट्टी होती. चाचांनी दारातूनच हाताने विचारलं, कसा आहेस. नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला मी सहा महिन्यांत पाहिला नव्हता. मग पुढची दहा मिनिटं दोघं खुणांनी बोलत होते. चाचा दोन हातांनी, नवरा एका हाताने. मधूनमधून चाचा हसत होते. मला निम्मंच कळलं. इतकी वर्षं या भाषेत तरबेज असल्याचा माझा समज होता, तो जरा हलला.

चहा देताना मी चाचांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ह्यांना. बोलायचा सराव करतच नाहीत. विचारलं की बोट वर करतात."

नवऱ्याने बोट वर केलं. खांदा उडवला.

"बघा," मी म्हटलं.

चाचा बघत होते, पण बोटाकडे नव्हे. त्यांनी कप खाली ठेवला. "भाभी, ये तो आधाच हुआ."

"म्हणजे?"

"मास्टर आधाच बोलतोय. दुसरा हात उठत न्हाय ना त्याचा." चाचा पुढे सरकले. त्यांनी नवऱ्याचा लुळा उजवा हात मनगटाला धरून उचलला, तळवा जमिनीकडे केला आणि हवेत सावकाश पुढे-मागे, पुढे-मागे नेला. डावं बोट वरच होतं. "ऐसा. एकटं बोट असलं, तर 'वर विचार'. बोटासोबत हा हात चालला, तर 'मैंने ऊपर बोल दिया है. तू लूम चालू रख.' खांदा उडवत न्हाय तो. हात उठवायला बघतोय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलीला अखेर बेरीज आली.

मला ही खूण का माहीत नव्हती, हे नंतर उमगलं. घरी ती वापरायची त्याच्यावर वेळच आली नव्हती. लोणच्याबद्दल वर सांगण्यासारखं काही नव्हतं. कारखान्यात मात्र ती रोजची होती. कामगाराचा माग खराब, सुटा भाग यायचा बाकी, कामगार हातपाय गाळून उभा. मास्टर पोटमाळ्यावर जाऊन यायचा, लांबूनच ही खूण करायचा, आणि कामगार पुन्हा मागाला लागायचा.

मी चाचांना विचारलं, "मग शेठ द्यायचा का?"

चाचांनी विचार केला. "कभी देता, कभी नहीं देता. उसकी मर्जी. कधी उशिरा द्यायचा." मग म्हणाले, "पण मास्टरने वर जाऊन सांगितलंय, हे आमाला पक्कं माहीत असायचं. मास्टर झूठ नहीं बोलता था. लूम चालू राहायचा."

शेठची आणि देवाची तुलना मी करणार नाही. शेठ मला माहीत आहे, दिवाळीला दरवर्षी तीच सोनपापडी देणारा माणूस. आणि चाचांच्या उत्तराने माझं समाधान झालं, असंही नाही. कभी देता, कभी नहीं देता, हे तर मलाही माहीत होतं, त्यावरच माझं भांडण होतं. पण सहा महिने समोर बसून मी एका माणसाची अर्धी खूण वाचत होते आणि पूर्ण कळल्यासारखी चिडत होते. आणि हे माइकवरून तीन मंडळ्यांना सांगून आले होते. आता दुरुस्ती द्यावी लागणार होती. वर्गात फळ्यावर चुकीचं लिहिलं, तर मी मुलांसमोरच पुसते आणि पुन्हा लिहिते, त्याला इलाज नाही.

चाचा गेले. मी नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "अहो," मी ओठ नीट दिसतील असं म्हटलं, "वर सांगितलंय, म्हणजे कोणाला? देवाला?"

त्याने मान डोलावली, आणखी कोण, अशा अर्थाने. तो कधी मोठ्याने प्रार्थना करणारा नव्हता. उपासनेत डोळे मिटून बसायचा, त्याला मी झोप समजत आले होते. "काय सांगितलंय?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. तो ओठांकडे हात नेईल, नाहीतर उजव्या हाताकडे.

त्याने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं, त्याला प्रश्न कळला नाही. मॅडमनी शिकवलं होतं तसं मी पुन्हा, तुकडे करून विचारलं. कागदावर तोंड काढलं, हात काढला, पाय काढला, बाजूला एक बाई काढली. चित्र छान नव्हतं. तोंड, हात, पाय त्याने बाजूला सरकवलं, बाईवर बोट ठेवलं, आणि मग पुन्हा माझ्याकडे केलं. मग बोट वर गेलं आणि उजवा खांदा धडपडला. मी त्याचा उजवा हात उचलला, तळवा खाली केला आणि पुढे-मागे नेला.

मी रडले. सहा महिन्यांत कोणाहीसमोर रडले नव्हते, पण तेव्हा रडले आणि आवाज करून रडले. रोज सकाळी मी अर्ज घेऊन उभी होते, आणि समोरच्या पलंगावर हा माणूस माझं नाव घेऊन केव्हाचा वर जाऊन आला होता. माझ्यासाठी कोणी मागत असेल, माझं काही मागण्यासारखं असेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. भरवसा असा त्या दुपारी लगेच परत आला, असं मी म्हणणार नाही. पण मी एकटीच भांडत नव्हते, एवढं कळलं, आणि ते पुष्कळ होतं.

डोळे पुसून मी विचारलं, "आणि तुमचं बोलणं? त्याचं सांगितलंत का वर?"

त्याने खरोखर आठवून बघितलं. मग मान हलवली. नाही.

"बरं," मी म्हटलं. "मग ते मी सांगते."